लातूरचा दोस्त

"अरं बजरंग, कोकरं आन् मोठी मेंढरं एकाच कोंडाळ्यात? चेंदामेंदा व्हईल की पिल्लांचा!"

सटवाआबा पोराच्या खुर्चीमागं उभे राहून ओरडले. उभे म्हणजे एका पायावर. दुसऱ्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, पाय भोपळ्याएवढा सुजला होता आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस रानात जायला मनाई केली होती. मेंढरं घेऊन बजरंगची आई बायडाबाई गेल्या होत्या. घरात उरला होता पोरगा, त्याचा कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरातली मेंढरं. चकलांब्याच्या माळावर जन्म घालवलेल्या धनगराला तेवढीही पुरली. जित्याची खोड, दुसरं काय!

खेळ व्हायकिंगांचा होता. बर्फाच्या मुलखातले दाढीवाले दर्यावर्दी. लाकडं तोडायची, घर बांधायचं, जनावरं पाळायची आणि रानातून जे चालून येईल त्याच्याशी सगळ्यांनी मिळून लढायचं. बजरंगचा गडी निळ्या अंगरख्यातला. त्याच्या सोबतीला तांबड्या अंगरख्यातला दुसरा गडी होता. त्याला कुणीतरी दूरगावाहून, आपल्या कॉम्प्युटरवरून चालवत होतं.

"ह्यो तांबडा कोण बे?" आबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"लातूरचा दोस्त हाय," बजरंग म्हणाला होता.

धडधडीत खोटं. तांबडा गडी म्हणजे त्याची बहीण उज्ज्वला. दोन वर्षांपूर्वी तिनं चाकणला जातीबाहेरच्या पोराशी लग्न केलं आणि आबांनी तिचं नाव घरात काढायचं नाही असं बजावलं. बायडाबाईंनी रडून पाहिलं, मामानं समजावून पाहिलं. आबा बधले नाहीत. मग बहीण-भावांनी भेटायला हा बर्फाचा मुलूख शोधला. उज्ज्वलाला एकच हवं होतं. नवऱ्याला घेऊन एकदा माहेरी यायचं, आईच्या हातची भाकरी खायची.

आबा घरी बसले तशी ती आपला माईक बंद ठेवून खेळू लागली. इकडचं मात्र तिला सगळं ऐकू जायचं. आबांचं खाकरणं, पाय ठणकला की काट्याला घातलेल्या शिव्या, सगळं. आठ दिवस ती बापाचा आवाज नुसती ऐकत होती. 'आबांना तिथून हलू देऊ नको,' एवढंच तिनं भावाला मेसेजमध्ये लिहिलं होतं.

आज आबांचा संयम संपला. "सरक बे," म्हणून त्यांनी पोराला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. चालायच्या चार कळा, मारायचं एक बटण, कुंपण रोवायचं एक. आबा दोनदा नदीत पडले, एकदा स्वतःच्याच घराच्या भिंतीवर कुऱ्हाड चालवली. पण कोकरांचं कोंडाळं वेगळं करायला घेतलं, तसा हात बसला.

आणि गंमत बघा, तांबडा गडी कुणी न सांगता पलीकडून कुंपण रोवत आला. दाराशी थांबून त्यानं आधी बारकी कोकरं आत घेतली, मग थोराड.

"तुजा दोस्त लई कामाचा हाय," आबा खूश होऊन म्हणाले. "सांगावं लागत न्हाई त्याला. धनगराचाच दिसतोय."

बजरंगला ठसका लागला.

बाहेर दुपारचे दोन वाजले होते, पण खेळातला दिवस कलत आला होता. वरच्या टेकाडावरून काहीतरी करडं, वाकून चालत खाली उतरू लागलं. लांडगा. तो थेट कोकरांकडं निघाला.

"आबा, ते बटण दाबा! ते उजवीकडचं!" बजरंग ओरडला.

आबांना काही ऐकू गेलं नाही. ते आता खुर्चीत नव्हतेच, माळावर होते. बजरंग शाळेला जायचा, तेव्हा कळपामागं दोघंच असायची. खालच्या अंगाला बाप, वरच्या अंगाला काठी घेतलेली पोर. कितीदा तरी लांडगा आला आणि कितीदा तरी दोघांनी मिळून हाकलला. आबा खुर्चीतून अर्धे उठले आणि माळभर जाईल अशा आवाजात त्यांनी हाळी दिली.

"उज्जेऽऽ! वरल्या अंगानं आडव त्याला! कोकराकडं येतोय!"

दोन वर्षांत त्या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. आबांचा हात कळांवर तसाच राहिला. बजरंग खाली मान घालून उभा होता.

पडद्यावर तांबडा गडी टेकाडाकडं धावत सुटला आणि लांडग्याच्या वाटेत जाऊन उभा राहिला. स्पीकर खरखरला.

"आडवलाय, आबा! तुमी खालून या!"

आबा एक क्षण थांबले. एकच. मग त्यांनी सगळ्या कळा एकदम बडवायला सुरुवात केली. निळा गडी टेकाड चढला आणि त्यानं कुऱ्हाड फिरवली. तीन घाव लांडग्याला बसले, दोन उज्ज्वलाला.

"आबा, मला कावून मारताय!" ती हसत होती, रडत होती, आणि हसत होती.

"मग बाजूला व्हय की, बावळट!" आबाही हसत होते. लांडगा पडला. कोकरं सगळी जागेवर होती, आबांनी दोनदा मोजली.

"आबा," बजरंग चाचरत म्हणाला, "त्ये लातूरचं..."

"गप बस बे."

आबांनी खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले, लपवलं नाही. पलीकडं पोर वाट बघत होती. आबा दोनदा खाकरले, माईक तोंडाजवळ ओढला आणि विचारलं,

"उज्जे, आपलं पाव्हणं मटण खातेत का गं?"