तालमीबाहेरचं रडू

सासूबाई गेल्या, आणि त्यांच्या उशाशी बसून मोरेश्वर धाय मोकलून रडत होता. आईविना वाढलेल्या या जावयाला त्यांनी वीस वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं.

तरी मागच्या बायका कुजबुजल्याच, "नाटकात काम करतात ना, येतं त्यांना." बायकोनंही डोळे पुसता पुसता जरा संशयानंच पाहिलं. मोरेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात हार घेऊन तांबेसर आले. त्याचं नाटक तेच बसवत होते आणि महिनाभर तालमीत एकच घोकून घेत होते, "रडून दाखवू नकोस, रडू आवरून दाखव. रडणं हे प्रेक्षकांचं काम."

हार वाहून सर शेजारी टेकले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "फार होतंय. खरं वाटत नाहीये."

"सर, खरंच आहे हो."

"असेल. पण दिसत नाहीये."

मोरेश्वरनं ओठ मिटले, हुंदका गिळला आणि सासूबाईंच्या अंगावरची शाल हळूच सारखी केली. मागे बायकांनी एकदम हंबरडा फोडला.

बायकोनं त्याचा हात धरला. "अहो, असं कोंडून नका ठेवू. मोकळेपणानं रडा."

त्यानं सरांकडे पाहिलं. सरांनी नकारार्थी मान हलवली.