रानातल्या एल्फांची सोयरीक

"पोराचं वय काय म्हनला?" कृष्णात सुभेदारांनी विचारलं.

"तीनशे चाळीस," शंभूराज म्हणाला.

सुभेदारांनी वही लांब धरली आणि पुढचा प्रश्न शोधला.

साताऱ्यातल्या शंभूराजच्या माडीवर हा खेळ तीन वर्षं चालला होता. इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स, वीस बाजूंचा फासा आणि प्रत्येकानं एक पात्र व्हायचं. शंभूराज डोंगरी एल्फांचा, म्हणजे परीकथेतल्या हजारो वर्षं जगणाऱ्या लोकांचा, राजपुत्र. गडाचे, रानाचे सगळे नकाशे त्यानंच काढलेले. खेळ चालवायचा ज्ञानू. ज्ञानूला उद्या पुण्यात नोकरीवर हजर व्हायचं होतं, म्हणून वेढा पडलेला गड आजच वाचवायचा होता. आणि ज्ञानूनं अट घातली होती: रानातल्या एल्फांशी सोयरीक जुळली तरच त्यांचे तिरंदाज येतील.

रानातल्या एल्फांचा म्होरक्या म्हणून त्यानं उंब्रजहून आपल्या मामांना आणलं. मामा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर. मामी, बनुबाई, आल्या तशा खाली शंभूराजच्या आईजवळ जाऊन बसल्या.

दोन तास झाले, फासा पडला नव्हता. एल्फ झोपत नाहीत, चार तास नुसते ध्यानाला बसतात, हे शंभूराजनं सांगितलं. मटन खात्यात का, मामांनी विचारलं. पाला आणि मध खातात. सणासुदीला तरी? शंभूराजमध्ये वाद घालायची ताकद उरली नव्हती. सणाला खातात, तो म्हणाला. मामांनी लाल पेनानं खूण केली.

हुंडा नसतो. खूण. सुनेनं नोकरी केली तर? एल्फांत बायका सैन्य चालवतात. मोठी खूण.

"अजून किती आहेत?" शंभूराजनं डोळे चोळले.

"एकच हाय. इतकी वर्सं लगीन का न्हाई केलं पोरानं?"

हाच प्रश्न आईनं विचारला की शंभूराज चपला घालून बाहेर जायचा. अकरा स्थळं अशीच गेली. पण आता उत्तर एल्फानं द्यायचं होतं.

"दमला तो," शंभूराज म्हणाला. "बघायला गेलं की पहिला पगार विचारतात. फावल्या वेळात नकाशे काढतो म्हटलं की पोरगी हसते. मग पोहे घशाखाली उतरत नाहीत."

मामांनी पेन खाली ठेवलं.

"आन हसली न्हाई तर?"

"तर तो तयार आहे."

"शब्द?"

शंभूराजनं कपाळाला हात लावला. असा दिलेला शब्द एल्फ हजार वर्षं फिरवत नाहीत, हे मघाशी त्यानंच सांगितलं होतं.

"शब्द. आता तेवढे तिरंदाज पाठवा."

त्यानं फासा उचलला. मामांनी जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, "अगं, या वर."

बनुबाई नारळ घेऊन आल्या. मागून आई, हातात कुंकवाची कोयरी आणि साखर. शंभूराजनं ज्ञानूकडं पाहिलं. ज्ञानू गडाचा नकाशा फार बारकाईनं बघत होता.

कपाळाला कुंकू लागलं. मान वाकलेली होती, तेव्हा समोर पालथी पडलेली मामांची वही त्याला दिसली. खाकी कव्हर, त्यावर चौकोनी लेबल, ठळक वळणदार अक्षर.

कु. संयोगिता कृष्णात जाधव. सहशिक्षिका, आष्टा. विषय: भूगोल.