वाकडी फळी

"काका, ही फळी काढावी लागेल," वास्तुतज्ज्ञ बाई हळूच म्हणाल्या. "बंगला इंग्रजांच्या काळातला आहे. काकूंसारख्या लेखिकेचं स्मारक करताना तो मूळ होता तसाच करायचाय."

त्र्यंबकरावांनी स्वयंपाकघरातल्या त्या फळीकडे पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच ती ठोकली होती. इतकी वाकडी, की वर ठेवलेला लसूण घरंगळत खाली यायचा. माथेरानला आलेल्या पाहुण्यांना बायको दरीच्या आधी ही फळी दाखवायची. "आमच्या ह्यांची कारागिरी," म्हणायची आणि पोट धरून हसायची. ती जाऊन वर्ष झालं होतं. तिचं ते हसू त्यांना आता फक्त फळीपाशीच आठवायचं.

सुताराने पटाशी उचलली.

"थांबा," त्र्यंबकराव म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. "ती तिने स्वतः ठोकलीय."

बाईंचा चेहरा उजळला. "मग हिला कोण हात लावतंय, काका."

उद्घाटनाच्या दिवशी फळीखाली पितळी पाटी होती : 'लेखिकेने स्वहस्ते बसवलेली फळी'. पाहुण्यांनी पाटी वाचली, मान तिरकी करून फळी पाहिली. एक जण पुटपुटला, "लिहायच्या मात्र छान."

कुणी बघत नाही असं पाहून त्र्यंबकरावांनी फळीसमोर कान पकडले. एवढा आळ घेतल्यावर ती भांडायला आल्याशिवाय राहणार नाही, म्हणून पाहुणे गेल्यावरही ते तिथेच स्टूल ओढून बसून राहिले.