वरच्या खुणेच्या वर

जगननं चावी फिरवली आणि सिएराच्या मागून निळा धूर असा उसळला की डोंबिवलीहून गाडी बघायला आलेले सुधीरराव नाकाला रुमाल लावून तीन पावलं मागे सरकले. शेजारच्या कमळाबाईनं वाळत घातलेली सुकट टोपलीत भरली आणि कुणाचं नाव न घेता शिव्या देत आत नेली.

ओट्यावर बसलेली जगनची आई, आवडाबाई, हलली नाही. तोंडातलं पान तिनं या गालातून त्या गालात घेतलं.

"जुनी झाली हो गाडी," ती म्हणाली. "इंजिनाचं माणसासारखंच. कधी खोकेल, सांगता येत नाय."

आतून ती खूश होती. पहाटे ऑईलचा अख्खा लिटरचा डबा तिनंच ओतला होता. आधी इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून तेल बरोबर वरच्या खुणेला आहे हे बघितलं आणि मग ओतला. तेल कमी पडलं तर इंजिन मरतं, जास्त झालं तर धूर ओकतं, हे तिला कुठल्या मेकॅनिकनं शिकवलं नव्हतं. नवऱ्याच्या, परशुरामच्या होडीचं इंजिन वीस वर्षं तिनं सांभाळलं होतं. चहाच्या आधी पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, बुडवायची, पुन्हा काढून बघायची. शाळा तिची दुसरीतच सुटली, पण पट्टी तिला वाचता यायची. होडीत मात्र ती कधी बसली नाही. होडीला बाईचा हात काठावर असेपर्यंतच, हा परशुरामचा नियम. परशुराम गेला, मागोमाग होडी गेली. नियम तेवढा तिनं ठेवून घेतला.

महिन्यापूर्वी तोच नियम सुनेच्या अंगावर आला. नीला गाडी चालवायला शिकते म्हणाली, तशी आवडाबाई कडाडली, "बाईनं चाक धरायचं असंल तर ती गाडी माझ्या दारात नको. विकून टाक."

जगन तिचाच मुलगा. "बरं, विकतो," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात जाहिरात देऊन आला.

झालं. बाजारात एकदा सांगितलेला पापलेटचा भाव आवडाबाईनं कधी खाली आणला नव्हता, तर घरात टाकलेला शब्द कसा उचलणार? आणि गाडीत तर तिचा जीव. ती पुढच्या सीटवरून कोपरीच्या मासळी बाजारात उतरली की बाकीच्या कोळणी हातातली सुरी थांबवून बघायच्या. टर्बो म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण "आमची टर्बो हाय" हे ती गिऱ्हाइकाला न विचारता सांगायची. महिनाभर तिनं वाट बघितली. जगन म्हणेल, आये, राहू दे आता. जगन काही म्हणाला नाही. शेवटी तिनं डबा उचलला.

सुधीररावांनी सोबत मिस्त्री आणला होता, काळुराम. "बंद करा आधी," तो म्हणाला. बॉनेट उघडून थोडा वेळ थांबला. मग पट्टी काढली, पुसली, बुडवली, काढली. पुन्हा पुसली, पुन्हा बुडवली. आणि पट्टी उन्हात धरून हसायला लागला.

"साहेब, इंजिन खणखणीत आहे. कुणीतरी ऑईल ठासून भरलंय. हे बघा, खुणेच्या किती वर आलंय. खालचा नट खोलून तीन लिटर काढलं की धूर गायब."

"तीन कसं?" आवडाबाई बोलून गेली. "एक असंल."

"आजी, माझं आयुष्य गेलं यात. तीन."

आवडाबाईनं जगनकडे बघितलं. जगन खाडीकडे बघत होता, जशी काही भरती आजच पहिल्यांदा आली होती. सकाळी गाडी धुवायला म्हणून तो बाहेर गेला होता खरा, पण बादली मोरीतच होती. मग तिनं दाराशी उभ्या नीलाकडे बघितलं. नीला पदराला बोटं पुसत होती. नवं ऑईल मधासारखं असतं, फिक्या पदरावर लपत नाही.

"मग ठरलं," सुधीरराव म्हणाले. "खरं सांगू का आजी, ज्या घरात ऑईल इतक्या सढळ हातानं घालतात, त्या घरची गाडी डोळे मिटून घ्यावी. आजच नेतो."

जगननं चावी पुढे केली, पण ती हातातून सुटेना. सुधीरराव एका बाजूनं ओढत होते आणि तो दुसऱ्या बाजूनं हसत होता.

आवडाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. येता येता नीलापाशी थांबली. सुनेच्या बोटांना ऑईल होतं. वीस वर्षं तिची स्वतःची बोटं अशीच असायची. बोटं पुसत ती काठावर उभी राहायची आणि होडी लांब लांब जायची.

पुढे होऊन तिनं दोघांच्या हातातून चावी काढून घेतली.

"सुधीरराव, चहा घेऊन जा," ती म्हणाली. "गाडी विकायची नाय. सुनेला शिकायचीय."

जगन बघतच राहिला. "आये, तूच म्हणालेलीस ना..."

"म्हणालेली. आता हे म्हणते." तिनं चावी नीलाच्या तेलकट हातात ठेवली. "लवकर शिक गो. तुझं झालं की माझा नंबर."