गालिच्यांवरचा कर

"पान चौदा काढून टाका," संचालक म्हणाले.

आयात कराचा फेरविचार करणाऱ्या सरकारी समितीची बैठक सुरू व्हायला दहा मिनिटं होती. बाहेरच्या बाकावर तक्तेबाई अहवालाच्या प्रती नीट लावत बसल्या होत्या. हे नाव संचालकांच्या संशोधन संस्थेतल्या लोकांनी पाडलेलं. काहीही विचारलं की बाई उत्तराआधी एखादा तक्ता पुढे सरकवत, म्हणून. संस्थेत येऊन त्यांना आठ महिने झाले होते. काम चोख, बोलणं मोजकं. घरच्या चौकशा करणं संचालकांच्या स्वभावात नव्हतं आणि आपणहून काही सांगणं बाईंच्या.

"राहू द्या ते पान," बाई म्हणाल्या.

संचालकांनी आवाज खाली आणला. पान चौदावर चार वर्षांपूर्वीचा सीमेवरच्या बाजारातला स्फोट होता. एकोणीस माणसं गेली होती. त्यांत नाक्यावर काम करणारा सीमाशुल्क खात्याचा एक तरुण अधिकारी होता. तो समितीतल्या एका निवृत्त ब्रिगेडियरांचा एकुलता एक मुलगा, आणि ते आज समोरच बसणार होते. त्या स्फोटानंतर सरकारने शेजारी देशाच्या गालिच्यांवरचा आयात कर तिप्पट केला आणि तिकडे जाणारी मदतही थांबवली. तेव्हा ब्रिगेडियरांनी या निर्णयाला जाहीर पाठिंबा दिला होता. आणि आता बाईंचा अहवाल म्हणत होता, की निर्णय चुकला.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

संचालकांनी मान हलवली. माणसं ओळखण्यात आपला हात धरणारं कोणी नाही, असं त्यांचं स्वतःबद्दलचं ठाम मत होतं. ही बाई हुशार आहे, पण हिला आच लागलेली नाही, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ताडलं होतं.

बाईंनी वीस मिनिटांत सगळं मांडलं. सीमेपलीकडचे बासष्ट तालुके, अकरा वर्षं. जिथे गालिच्यांचे माग बंद पडले, तिथे दीड-दोन वर्षांत सशस्त्र टोळ्यांत जाणारी पोरं वाढली. नुसत्या मदतीनेही भागत नव्हतं. मदतीतून रस्ता झाला, पण गिऱ्हाईकच येईना, तेव्हा त्या रस्त्यावरून पोरं निघून गेली. कर कमी होता आणि मदतही चालू होती, तेव्हाच हल्ले घटले.

सदस्यांच्या शंका त्यांनी एकेक करून मोडीत काढल्या. संचालक खुर्चीत सैलावले. मग ब्रिगेडियरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे स्फोट करणाऱ्याला काम मिळालं असतं, तर त्याने स्फोट केला नसता?"

"त्या माणसाबद्दल मी काहीच म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "त्याला माझ्याकडून माफीही नाही. मी त्याच्या मागून येणाऱ्यांबद्दल बोलतेय. ते अजून ठरायचे आहेत."

संचालकांनी पाण्याचा पेला उगाचच इकडचा तिकडे केला.

नाक्यावरचा पहारा सैल करायचा का, असं ब्रिगेडियरांनी विचारलं. बाईंनी पान एकतीस उघडायला सांगितलं. पहारा आहे तसाच ठेवा, माल तपासा, पण येऊ द्या, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. ब्रिगेडियरांनी ते पान सावकाश वाचलं. मग मागे जाऊन पान चौदा काढलं.

"इथे मेलेल्यांचा रकाना आहे. एकोणीस. यातलं एखादं तरी नाव तुम्हाला माहीत आहे?"

"आहे."

कोणतं, हे त्यांनी विचारलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. बाईंनी थाप मारली आणि पचवली, असंच संचालकांना वाटलं.

मतदान झालं. चार बाजूने, दोन विरुद्ध. ब्रिगेडियरांनी हात वर केलाच नाही. आपण मत देणार नाही आणि त्याचं कारण अध्यक्षांना आधीच लेखी कळवलं आहे, एवढंच ते म्हणाले. अध्यक्षांनी दुजोरा दिला. अहवाल मंत्रिमंडळाकडे जाणार, हे ठरलं.

कारण संचालकांनी तिथल्या तिथे ओळखलं. म्हातारा मेलेल्या मुलाविरुद्ध जाऊ शकत नव्हता आणि आकड्यांविरुद्धही. मोठा माणूस, त्यांच्या मनात आलं.

जिना उतरताना त्यांची छाती फुगली होती. बाई मागे राहून प्रती गोळा करत होत्या. खाली पोर्चमध्ये ब्रिगेडियर आपल्या जुन्या गाडीपाशी एकटेच उभे दिसले. एवढं एक काम राहिलं, असं मनाशी म्हणत संचालक जवळ गेले आणि त्यांनी हात जोडले.

"आमच्या बाईंचं बोलणं मनावर घेऊ नका, साहेब. बुद्धीने तल्लख आहेत, पण सगळं आयुष्य तक्त्यांत गेलेलं. आपलं माणूस जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुठून कळणार?"

ब्रिगेडियर जिन्याकडे बघत होते. अहवालांचा गठ्ठा छातीशी धरून बाई खाली येत होत्या. ब्रिगेडियर दोन पावलं पुढे झाले, त्यांनी गठ्ठा बाईंच्या हातातून घेतला आणि गाडीचं दार उघडून धरलं.

"चल, सूनबाई," ते म्हणाले. "पोर शाळेत वाट बघत असेल."