पुढची वाटी

ताडोब्याला जायचं ठरलं, तसं श्रीरंगनं टेबलावर जिप्सीसारख्या सहा रिकाम्या वाट्या मांडल्या. गाडीत जागा सहाच आणि घरात माणसं सात. सर्वांत पुढची वाटी त्यानं स्वतःसाठी ठेवली.

सातवी वाटी शेवंताआत्यांच्या हातात होती. डोळे गेल्यापासून त्या चिवड्यातले शेंगदाणेही चाचपून वेचत.

"आत्या, तू घरीच राहा. तुला वाघ थोडाच दिसणार?"

"तुला दिसला होता का रे, मागच्या खेपेला?"

"नाही."

"आणि त्याच्या आदल्या?"

श्रीरंगच्या बायकोला हसू आवरेना. तो उगाच वाट्या सरळ करत बसला.

"मग आपण बरोबरीतच की! मला निदान डरकाळी ऐकू येईल. तू तर जंगलातही बडबडतोस."

आत्यांनी चाचपत पुढची वाटी गाठली आणि आपला सगळा चिवडा तीत ओतला.

"ही भरली. आता तुझं बघ."