लाल दार

ऑफिसला निघताना मी छोटं लाल दार गुपचूप पर्समध्ये टाकलं. आईच्या आवडत्या मालिकेतलं घर आम्ही दोघी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांनी बांधत होतो. शेवटचा ठोकळा मिळून लावायचा असं ठरलं होतं, पण आईला धीर निघत नसे.

दुपारी तिचा फोन आला. "अगं, दारच सापडत नाही. सासूने आता सुनेला हाकलायचं कुठून?"

मी हसू दाबलं. "नीट शोध. तिथेच असेल."

संध्याकाळी शेजारच्या काकूंना ती सोफ्याजवळ पडलेली दिसली. हातात टॉर्च होता. "झटका केव्हाही आला असता," डॉक्टर म्हणाले. टॉर्च कशाला, असं मावशीने विचारलं, तेव्हा "लाइट गेली असेल" म्हणून मी वेळ मारून नेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मी ते घर पुढ्यात ओढलं. दाराच्या रिकाम्या जागेत आईने सासू-सुनेच्या इवल्या बाहुल्या शेजारी शेजारी बसवून ठेवल्या होत्या. त्यांना बाजूला करून मी दार बसवलं.

"आई," मी मोठ्याने म्हणाले, "दार माझ्याकडेच होतं. तू माझ्यासाठी थांबावंस म्हणून मीच नेलं होतं."